कोरोच्या सज्जाखाली

आधी खिसे रिकामे करा. मोबाइल, कार्डं, गाडीची किल्ली, सगळं इथेच राहू द्या. निघालोय तिथे यातलं काही चालत नाही. त्याऐवजी हे घ्या : चार-पाच शिलिंगची नाणी, थोडे सुटे पेन्स आणि एक मळकट रेशनपुस्तक. पैसे हरवले तरी एक वेळ निभेल, पुस्तक मात्र आतल्या खिशात जपून ठेवा. बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड. हिशेब जमेना झाला तर नाणी तळहातावर पसरून हात पुढे करा, दुकानातली बाई नेमकी हवी तेवढीच उचलेल. अंगावर लोकरी कोट हवा. मे महिना संपत आलाय हे मला माहीत आहे, तरीही कोट. कोपराला रफू असेल तर फारच छान, कारण आज या गावात एकाच्याही अंगावर नवा कोट नाही. कापडसुद्धा कुपनांवर मिळतं.

गाडी थांबली. दार आतून उघडत नाही म्हणून घाबरू नका. खिडकीचा चामडी पट्टा सैल सोडा, काच खाली जाईल. मग हात बाहेर घालून बाहेरची मूठ फिरवा. उतरा. इंजिनाच्या धुरानं पहिला ठसका लागेल, डोळ्यात बारीकशी कोळशाची कणीही जाईल. चोळू नका. हे अल्व्हरस्टन. इंग्लंडच्या वायव्येचं, डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये दाटीवाटीनं बसलेलं लहानसं गाव. मोरेकॅम्बची खाडी जवळच आहे, त्यामुळे धूर विरला की खारट, ओल्या वाळूचा वास येतो आणि डोक्यावर समुद्रपक्ष्यांची कलकल सुरू होते. गावामागच्या टेकडीकडे पाहा. दीपगृहासारखा तो उंच मनोरा म्हणजे हॉडचं स्मारक. त्यावर दिवा कधीच लागत नाही. सर जॉन बॅरो या इथल्याच एका भूमिपुत्राच्या आठवणीसाठी १८५० मध्ये तो बांधला. आपल्या मुलांना विसरायचं नाही, अशी या गावाची जुनी खोड आहे. आज त्याच खोडीसाठी आपण आलोय.

२९ मे १९४७. गुरुवार, म्हणजे आठवडी बाजाराचा दिवस. चढण चढून गावात शिरा.

पहिला झटका नाकाला बसतो. ब्रुअरीतून येणारा शिजत्या धान्याचा गोडसर, जड वास. त्यात घोड्यांची लीद, शेतकऱ्यांच्या कोटांना चिकटलेला मेंढ्यांचा वास आणि वुडबाइन सिगारेटींचा धूर. माणसांचाही वास येतो, आणि त्यासाठी कुणाला नाव ठेवू नका. साबणही रेशनवर आहे. युद्ध संपून दोन वर्षं झाली, पण ताटाला त्याचा पत्ता नाही. ऐन युद्धात पाव मोकळा मिळायचा, तो आता कुपनावर गेलाय. गेला हिवाळा इतका वाईट होता की लोक अजून त्याच्याबद्दल आवाज खाली करून बोलतात : आठवडेच्या आठवडे बर्फ, चुलीला कोळसा नाही, दिवे गेलेले. त्यामुळे आज पडलेलं ऊन लोक नुसतं अंगावर घेत नाहीत, तोंड वर करून, डोळे मिटून पितात. भिंतीला टेकून उभ्या त्या म्हातारीकडे पाहा. हातात पिशवी, पिशवीत दोन बटाटे, चेहरा सूर्याकडे. तिला हलवू नका.

मार्केट स्ट्रीटवर दगडी फरसबंदी आहे. लोखंडी खिळ्यांचे लाकडी बूट तिच्यावरून टक् टक् करत जातात; दहा माणसं चालली तरी वरात चालल्यासारखं वाटतं. मांसवाल्यापुढे रांग, पाववाल्यापुढे रांग. ही रांग मोडू नका, शिवी कुणी देणार नाही, पण सगळे तुमच्याकडे असं बघतील की शिवी परवडली. सर्वांत लांब रांग मिठाईच्या दुकानापुढे. लहान मुलांच्या वाट्याला आठवड्याला जेमतेम मूठभर गोड येतं, आणि ते कशावर खर्चायचं यावर त्या रांगेत जो खल चाललाय तो पार्लमेंटात होत नसेल. तुम्हीही उभे राहा. कात्रीनं कुपन कापून घेतलं की कागदाच्या पुडीत ट्रीकल टॉफीचा काळा तुकडा येईल. काकवी आटवता आटवता भांड्याच्या बुडाला लागावी तसा त्याचा कडवट गोडवा. दाढेला चिकटेल. चिकटू द्या, कारण याच रस्त्यावर, याच टॉफीसाठी, पन्नासेक वर्षांपूर्वी एक लालसर केसांचा पोरगा आजीचा हात धरून यायचा.

त्या पोरासाठीच आज गाव गोळा होतंय.

पोराचं नाव आर्थर स्टॅन्ली जेफरसन. आईबाप नाटकवाले, सदा फिरतीवर; म्हणून सुरुवातीची वर्षं तो इथे, मेटकाफ आजी-आजोबांकडे वाढला. पुढे तो फ्रेड कार्नोच्या कंपनीतून १९१० साली अमेरिकेला गेला. त्याच बोटीवर चार्ली चॅप्लिन होता, आणि आपल्या या पोराकडे चॅप्लिनच्या बदलीचं काम होतं. नंतर त्यानं नाव बदलून स्टॅन लॉरेल केलं, त्याला ऑलिव्हर ऊर्फ ऑली हार्डी नावाचा धिप्पाड जोडीदार मिळाला आणि जगभरची माणसं त्या दोघांना बघून खुर्चीतून खाली पडू लागली. आपल्याकडे आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे ज्यांना जाड्या-रड्या म्हणतात, तेच हे. पण अल्व्हरस्टनच्या बायकांना विचारा, त्या स्टॅन लॉरेल म्हणत नाहीत. ‘मेटकाफांचा नातू’ म्हणतात. मला हे फार आवडतं. एवढा मोठा नट, पण गावाच्या हिशेबात तो अजून आजोबांच्याच खात्यावर मांडलेला.

चौकात जाण्याआधी एक वळसा घ्या. आर्गाइल स्ट्रीट, घर क्रमांक तीन. भिंतीला भिंत लावून उभ्या घरांच्या ओळीतलं एक. दार थेट रस्त्यावर, उंबरठा घासून पांढरा केलेला, वर दोन खिडक्या. इथे १६ जून १८९० रोजी तो जन्मला. घरं इतकी अरुंद की आत कुणी खोकलं तर शेजारचा पाणी घेऊन येईल. मागच्या बाजूला धुण्याची खोली. वाह्यातपणा केला की आजी तिथे कोंडून ठेवायची, असं पुढे तो स्वतःच सांगायचा. जरा थांबून ऐका. कपडे पिळण्याच्या चरकाचा करकराट, कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज, वरच्या खिडकीतून खालच्या बाईला मारलेली हाक. एका हातगाडीचं चाक दगडात अडकलंय. ढकलणारा तिला समजावतोय, रागावतोय, मग स्वतःच मागे पडतोय. दोन बायका दारात उभ्या राहून पोट धरून हसतायत. त्याच्या सिनेमातल्या पियानोच्या, शिडीच्या, रंगाच्या डब्याच्या सगळ्या भानगडी हॉलिवूडमध्ये चित्रित झाल्या हे खरं. पण वस्तू माणसाचं ऐकत नाही आणि शेजारी ते बघतो, हे त्यानं अशाच एका गल्लीत पहिल्यांदा पाहिलं असणार, असं मला मनापासून वाटतं.

चला आता, घाई करा. काउंटी स्क्वेअर भरत आलाय.

कॉरोनेशन हॉल ही चौकातली भारदस्त इमारत. तिचं पूर्ण नाव घेऊ नका, लगेच परके ठराल. इथले लोक तिला नुसतं ‘कोरो’ म्हणतात. तिच्या सज्जाकडे सगळ्यांच्या माना वळलेल्या आहेत. तुम्ही कडेला उभे राहायचं ठरवलं असेल, पण गर्दी तुम्हाला विचारत नाही. ती मागून येते, कुशीत घेते आणि पुढे नेते. डाव्या खांद्याला एका बाईच्या टोपलीची कड रुतते. उजवीकडे बॅरो गावच्या जहाजकारखान्यातला एक कामगार, त्याच्या कोटाला ग्रीसचा वास. पुढच्या माणसाच्या खांद्यावर एक पोरगी, तिचे बूट तुमच्या छातीशी. “जरा सरक, लव्ह,” असं एक आजीबाई म्हणते. ती तुमच्या प्रेमात पडलेली नाही. इथे अनोळखी माणसालाही तसंच म्हणतात. सरका. आणि तिला पुढे घ्या, ती बुटकी आहे.

दिव्याच्या खांबावर दोन पोरं चढलीत. खिडक्यांच्या पट्ट्यांवर माणसं बसलीत. एक मांसवाला रिकाम्या खोक्यावर उभा राहून आपल्या रक्ताळलेल्या एप्रनचं टोक दोन बोटांत धरून फडफडवतो, ऑली टायशी खेळतो तसं, लाजून, हनुवटी आत घेऊन. आसपासचे खो-खो हसतात. लगेच पलीकडचा एक हडकुळा पोरगा टोपी काढून डोक्याचे केस वर ओढतो आणि रडवेलं तोंड करतो. आणखी हशा. नट अजून आलेसुद्धा नाहीत आणि प्रयोग सुरू झालाय. कुणीतरी त्यांच्या सिनेमातली ती कोकिळेची धून शिट्टीवर धरतो, दुसरा उचलतो, आणि बघता बघता ती चौकभर फिरते. तुम्हालाही येते ती. वाजवा की! ओठ कोरडे पडलेत? पडणारच, तोंडात टॉफी आहे.

आणि मग सज्जावर हालचाल. आधी गावचे मानकरी, मग तो.

गर्दीतून निघालेला आवाज तुम्ही कधी सिनेमागृहात ऐकलेला नसेल. त्यात टाळ्या आहेत, आरोळ्या आहेत, पण खाली, तळाशी, एक वेगळाच सूर आहे; घरचं माणूस लांबच्या गाडीनं येऊन दारात उभं राहिलं की घरातून निघतो तो. स्टॅन आता छप्पन्न वर्षांचा आहे. अंगानं भरलाय, चेहरा ओढलेला, केस मात्र अजून वाऱ्याला दाद देत नाहीत. बाजूला ऑली. पडद्यावर मोठा दिसतो म्हणता? प्रत्यक्षात बघा, सज्जा भरून टाकलाय त्यानं. आणि तरीही तो आज एक पाऊल मागे उभा आहे. दिवस त्याचा नाही हे त्याला ठाऊक आहे. स्टॅनच्या हाती त्याच्या जन्मदाखल्याची प्रत येते. बोललेले शब्द तुमच्यापर्यंत तुटक पोचतात, वारा अर्धे नेतो, खांद्यावरची पोरगी उरलेले. काही बिघडत नाही. पुढच्या ओळीतल्यांना ऐकू येतं, ते हसतात; ते हसले म्हणून दुसरी ओळ हसते; आणि विनोद कानी पडण्याआधीच हसू तुमच्यापर्यंत येऊन पोचतं. तुम्हीही हसता. कशाला, ते सांगता येणार नाही. शेजारच्या आजीबाईलाही सांगता येत नाही, ती डोळे पुसतेय.

या गर्दीत कुणी सही मागायला धडपडत नाही असं मी म्हणणार नाही. धडपडतात. पण बहुतेकांना त्याच्याकडून काही नको आहे. रेशनची कुपनं, गोठलेले नळ, मुलाच्या पायातले एक माप लहान बूट, हे सगळं घेऊन ही माणसं इथे आली आहेत, आणि तासभर ते खाली ठेवून वर बघतायत. जुन्या घरी जाऊन आलेला, दमलेला एक माणूस सज्जावरून त्यांच्याकडे बघतोय. कोण कोणाला भेटायला आलंय हे ठरवणं कठीण आहे.

गर्दी पांगली की बाजार पुन्हा सुरू होतो. अंधार पडायला उशीर आहे, उन्हाळ्याची संध्याकाळ इथे रात्री नऊ वाजून गेले तरी रेंगाळते. पबमध्ये शिरा, हार्टलीची बिअर मागा. कोमट असेल. प्रत्येक टेबलावर एकच विषय, आणि प्रत्येकाच्या तोंडी स्टॅननं ‘माझ्याकडेच’ बघून हात हलवला. एका जागी उभा असलेला माणूस एकाच वेळी शे-दोनशे जणांच्या डोळ्यांत डोळे घालून कसा बघू शकतो, असली शंका काढू नका. इथे सगळे खरं बोलतायत. परत स्टेशनाकडे जाताना ब्रॉग्डन स्ट्रीटवर रॉक्सी सिनेमा लागेल. जेमतेम दहा वर्षांची इमारत, दारात तिकिटाची रांग. तिचा दरवाजा नीट बघून ठेवा, आपल्याला तिथे काम आहे.

आता सुमारे चाळीस वर्षं पुढे. या वेळी कोट काढा.

अप्पर ब्रूक स्ट्रीट. गल्लीच म्हणा. दार उघडलं की जुन्या कागदाचा, धुळीचा वास. आत इतकी दाटी की दोघांना समोरासमोरून जायचं तर एकानं पोट आत घ्यावं. भिंती दिसतच नाहीत : छायाचित्रं, कात्रणं, पोस्टर, त्यावर पुन्हा कात्रणं. मान वर करा. छतावरसुद्धा! हे बिल क्युबिन यांचं संग्रहालय. क्युबिन म्हणजे गावचे माजी महापौर, आणि लॉरेल-हार्डीचे असे भक्त की स्वतःच्या संग्रहाला घर पुरेना म्हणून त्यांनी १९८३ मध्ये हे दार लोकांसाठी उघडलं. काचेचं कपाट, मंद दिवा, ‘हात लावू नका’ची पाटी, असलं संग्रहालय तुम्ही डोळ्यापुढे आणलं असेल तर ते विसरा. इथे वस्तू कमी आणि गप्पा जास्त. क्युबिन स्वतः समोर असले की वेळ कसा जातो कळत नाही. कोपऱ्यात पडदा, त्यापुढे थोड्या खुर्च्या, आणि दिवसभर सिनेमा चालू.

आज गडबड जास्त आहे, कारण लाल गोंड्याच्या तुर्की टोप्या घातलेली मंडळी आली आहेत. त्यांना हसू नका. किंवा हसा, त्यांना तेच हवंय. ही ‘सन्स ऑफ द डेझर्ट’ची माणसं. लॉरेल-हार्डीच्या १९३३ सालच्या सिनेमावरून नाव घेतलेला हा चाहत्यांचा जगभरचा मेळा, १९६५ पासूनचा. त्याच वर्षी स्टॅन गेला. या मेळ्याच्या शाखांना ‘तंबू’ म्हणतात आणि प्रत्येक तंबूला त्यांच्या एखाद्या सिनेमाचं नाव. तुमच्या हातात कपबशी येईल, बिस्किट येईल, आणि तुमचा आवडता सिनेमा कोणता हा प्रश्न येईल. उत्तर विचारपूर्वक द्या. समोरचा शिंपी असेल, परिचारिका असेल, निवृत्त इंजिनचालक असेल, पण या बाबतीत ते सगळे विद्वान आहेत आणि तुम्हाला तासभर तरी सोडणार नाहीत.

कुणीतरी स्टॅनच्या पत्रांचा विषय काढतो. सांता मोनिकातल्या आपल्या छोट्या घरात स्टॅन उतारवयात टाइपरायटरवर चाहत्यांना स्वतः उत्तरं लिहायचा. त्याचा टेलिफोन नंबरसुद्धा डिरेक्टरीत छापलेला असायचा. फोन लावला की तोच उचलायचा. खोलीत क्षणभर सगळे एकमेकांकडे बघतात, आणि मग प्रत्येकाला एकच खंत : आपण तेव्हा फोन का नाही केला?

थोडं आणखी पुढे चला. १९ एप्रिल २००९. तोच काउंटी स्क्वेअर, तोच कोरो, गर्दी तशीच. रेशन संपलंय, कोट नवे आहेत, हवेत कोळशाऐवजी तळलेल्या बटाट्यांचा आणि व्हिनेगरचा वास आहे. ग्रॅहम इबेसन यांनी केलेला ब्राँझचा पुतळा झाकून उभा आहे, आणि तो उघडायला केन डॉड आलेत. विनोदी नटाच्या पुतळ्याला विनोदी नटच हवा. पडदा सरतो. दिव्याच्या खांबाला टेकलेले दोघं, सोबत त्यांचं कुत्रं. गंमत बघा, लोक पुतळ्याला हार घालत नाहीत, नमस्कारही करत नाहीत. त्याच्या खांद्यावर हात टाकून उभे राहतात. पोरं ऑलीच्या पोटावर थापा मारतात. पुढच्या काही वर्षांत तो भाग घासून चकचकीत व्हावा, अशी माझी फार इच्छा आहे.

याच वर्षी संग्रहालयानंही जागा बदलली. क्युबिन आता नाहीत, कारभार त्यांच्या घरच्यांनी पुढे नेलाय. नवी जागा म्हणजे, आलं ना लक्षात, ब्रॉग्डन स्ट्रीटवरची रॉक्सी. आता आत या. दिवे मालवलेत, खुर्च्या मोजक्या आहेत, कडेची पकडा. ‘द म्युझिक बॉक्स’ लागलाय, १९३२ चा, ऑस्कर मिळवलेला. लांबलचक जिना, खोक्यातला पियानो, आणि तो वर चढवणारे दोघे.

तुमच्या एका बाजूला टक्कल पडलेले एक गृहस्थ आहेत, दुसऱ्या बाजूला सहाएक वर्षांची एक मुलगी, हातात पॉपकॉर्न. पियानो जिन्याच्या वर पोचतो आणि गृहस्थ हसायला लागतात. पियानो अजून जागेवर आहे! त्यांना पुढचं पाठ आहे, म्हणून ते पडण्याआधीच हसतात. मुलगी त्यांच्याकडे नवलानं बघते. मग पियानो धडधडत खाली येतो आणि ती इतक्या मोठ्यानं हसते की पॉपकॉर्न तुमच्या मांडीवर. पुन्हा चढण, पुन्हा घाम, ऑली पुन्हा कॅमेऱ्याकडे बघून उसासा टाकतो. पियानो पुन्हा वर. आता मुलगी आधी त्या गृहस्थांकडे बघते. त्यांचे खांदे हलायला लागलेत. तीही तोंडावर हात घेते, आणि या खेपेला दोघं एकदमच, पियानो पडायच्या आधी.